विश्लेषण : ताण, स्टिरॉइड आणि डोळ्याच्या पडद्याखाली साचणारे पाणी… स्वायत्त चेतासंस्थेचा दृष्टीशी संबंध काय?

मोबाइलवर वाचताना एका डोळ्यासमोर मधोमध राखाडी ठिपका येतो. चष्मा पुसला, डोळे धुतले तरी तो जात नाही. दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली भासते, अक्षरे एका डोळ्याला लहान दिसतात, रंग फिके वाटतात. नंबर बदलला असेल म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे थोडा ‘प्लस’ नंबर निघतोही आणि नव्या चष्म्याने काही दिवस बरे वाटते. तिशी ते पन्नाशीच्या वयात, विशेषतः पुरुषांत, अशा तक्रारीमागे अनेकदा ‘सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथी’ म्हणजे सीएससी हा पडद्याचा आजार असतो. निदान झाल्यावर रुग्णाला हमखास ऐकायला मिळते, ‘टेन्शन घेऊ नका’. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

आजार नेमका काय?

डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल म्हणजे आपण ज्याला पडदा म्हणतो तो असतो. त्याच्या मागे कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. दोघांच्या मध्ये पेशींचा एकच पातळ स्तर पाणी अडवून धरतो. सीएससीमध्ये कोरॉइडमधील वाहिन्या फुगतात, थर जाड होतो, मधला स्तर कुठेतरी हार मानतो आणि पाणी पडद्याखाली झिरपते. भिंतीतला नळ पाझरू लागला की बाहेरच्या रंगाला फुगवटा येतो, तसाच हा प्रकार. फुगवटा पडद्याच्या नेमक्या मध्यभागी आला की वाचण्याची, चेहरे ओळखण्याची नजर बिघडते. पडदा किंचित पुढे सरकल्यामुळे तो ‘प्लस’ नंबर निघतो. म्हणून चष्मा लागला यावर समाधान मानणे धोक्याचे.

जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी या आजाराचे वर्णन १८६६ मध्येच केले होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड काउंटीत १९८० ते २००२ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला दर लाख पुरुषांमागे सुमारे दहा, तर दर लाख स्त्रियांमागे दोनहून कमी नवे रुग्ण आढळले.

स्वायत्त चेतासंस्था डोळ्यात काय करते?

हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन, घाम ही कामे आपल्याला न विचारता चालवणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त चेतासंस्था. तिच्या दोन शाखा. अनुकंपी शाखा संकटात शरीराला सज्ज करते, परानुकंपी शाखा विश्रांतीच्या वेळी सूत्रे हाती घेते. बाहुली मोठी-लहान होते ती याच दोघींमुळे, हे शाळेच्या पुस्तकात असते. मात्र यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही.

पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना डोळ्याच्या आत या चेतातंतूंचा पुरवठाच नसतो. किती रक्त घ्यायचे हे त्या आपल्या गरजेनुसार ठरवतात, रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी पुरवठा सांभाळून घेतात. त्यांच्या मागच्या कोरॉइडचे उलट आहे. डोळ्याला मिळणारे बहुतांश रक्त कोरॉइडमधून वाहते आणि तिथे दोन्ही शाखांच्या चेतातंतूंचे दाट जाळे असते. अनुकंपी तंतू वाहिन्या आवळतात, परानुकंपी तंतू त्या सैल करतात. म्हणजे पडद्याला बाहेरून प्राणवायू पुरवणारी मोठी व्यवस्था शरीराच्या ताणतणावाचे हुकूम थेट ऐकते.

अनुकंपी शाखा इथे केवळ खलनायक नाही, हेही लक्षात घ्यावे. स्वीडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंदेर्स बिल आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत, रक्तदाब अचानक वाढला तर याच तंतूंमुळे डोळ्यातील वाहिन्या आवळल्या जातात आणि गळतीपासून बचाव होतो, असे दिसले. संकटात उपयोगी पडणारी ही व्यवस्था महिनोन्महिने चढ्या सुरात राहिली तर काय होते, हा खरा प्रश्न.

पुरावे काय सांगतात?

जपानमधील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या शिरेत वारंवार अॅड्रिनॅलिन टोचले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत सीएससीसारखीच गळती निर्माण झाली. अॅड्रिनॅलिन हा अनुकंपी शाखेचाच निरोप्या. भारतातील पुरावाही आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉक्टरांनी २००६ मध्ये सीएससीच्या रुग्णांच्या स्वायत्त चेतासंस्थेची तपासणी प्रसिद्ध केली. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत रुग्णांत अनुकंपी जोर अधिक आणि परानुकंपी जोर कमी आढळला. झोपेत श्वास अडकण्याचा विकार म्हणजे स्लीप अॅप्निया आणि उच्च रक्तदाब यांच्याशीही सीएससीचे नाते वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे. या दोन्ही अवस्थांत अनुकंपी शाखा जादा काम करत असते.

तरीही संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. प्रचंड ताणाखाली जगणाऱ्या कोट्यवधी लोकांना सीएससी होत नाही. काहींच्या जनुकांतच त्याचा कल असतो, काहींचे कोरॉइड मुळातच जाड असते. ताण हा त्यावर पडणारा जादा भार असावा, एवढेच आज खात्रीने म्हणता येते.

मग तापट, महत्त्वाकांक्षी माणसांचा आजार हे खरे नाही?

हा समज १९८७ पासून पक्का झाला. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ लॉरेन्स यानुझी यांनी त्या वर्षी सीएससी आणि ‘टाइप ए’ म्हणजे सतत घाईत, स्पर्धेत असणारा स्वभाव यांचा संबंध मांडला. निरीक्षण महत्त्वाचे होते, पण दवाखान्यात त्याचे रूपांतर स्वभावाच्या प्रमाणपत्रात झाले. रुग्ण घरी जातो तो स्वतःलाच दोष देत. घरचेही ‘तुला सांगत होतो ना’ म्हणायला मोकळे. आणि या गोंधळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे तुम्ही कोणत्याही स्वरूपात स्टिरॉइड घेता का?

स्टिरॉइडचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण सीएससीला कारणीभूत ठरणाऱ्या बाह्य गोष्टींपैकी सर्वांत भक्कम पुरावा स्टिरॉइडचा आहे. ताणाच्या वेळी शरीर स्वतःच कॉर्टिसोल सोडते आणि कॉर्टिसोलमुळे रक्तवाहिन्या अॅड्रिनॅलिनला अधिक जोरात प्रतिसाद देऊ लागतात. बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हेच काम करते, तेही ताण नसताना. गोळ्या आणि इंजेक्शनांबाबत पुरावा सर्वाधिक ठाम आहे. पण दम्याचा पंप, नाकातला फवारा, त्वचेवरचे मलम, गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेले इंजेक्शन यानंतरही सीएससी झाल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडे या यादीतील निम्म्या गोष्टींना लोक स्टिरॉइड समजतच नाहीत. नायट्यावर लावायची ट्यूब, ‘गोरेपणा’साठी शेजारणीने सुचवलेले मलम, सांधेदुखीवर रामबाण म्हणून मिळणारी बिनलेबलची पुडी यांत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि विकणारा सांगत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या औषध दुकानात रिकामी ट्यूब दाखवली की नवी मिळते, हे वाचकांना सांगायला नको. रुग्णाला मनःशांतीचा उपदेश करणे सोपे. दुकानदाराकडे चिठ्ठी मागण्याची सक्ती करणे अवघड, म्हणून आपण सोपे ते करतो.

त्याहून वाईट प्रकारही घडतो. पडद्याला सूज आहे एवढेच पाहून स्टिरॉइडच सुरू केले जाते आणि पाणी वाढते. ओसीटी ही पडद्याचे थर दाखवणारी तपासणी काही मिनिटांची, न दुखणारी. तिच्याशिवाय असा निर्णय होऊ नये.

मात्र दमा, संधिवात, मूत्रपिंड अशा आजारांसाठी सुरू असलेले स्टिरॉइड रुग्णाने मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. मूळ आजाराचे डॉक्टर आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळूनच ते कमी करायचे असते.

उपचार आहेत का?

पहिल्यांदा झालेला सीएससी बहुतेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टर थांबून पाहतात. त्याला हलगर्जीपणा समजू नये. पाणी रेंगाळले किंवा पुन्हा पुन्हा आले तर पडद्याच्या पेशी कायमच्या दगावतात. अशा जुनाट रुग्णांसाठी हाताच्या शिरेतून औषध देऊन थंड लेझर मारण्याची फोटोडायनॅमिक पद्धत वापरतात. २०१८ मधील युरोपीय चाचणीत अर्ध्या मात्रेची ही पद्धत मायक्रोपल्स लेझरपेक्षा सरस ठरली. एप्लेरेनोन या गोळीवर बराच भरवसा होता. ब्रिटनमधील चाचणीत ती औषधविरहित गोळीपेक्षा चांगली ठरली नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. योगासने, प्राणायाम, पुरेशी झोप यांचा शरीराला फायदाच आहे, पण पडद्याखालचे पाणी ती काढतात असे सांगणारे दावे पुराव्यांच्या पुढे धावतात.

मधुमेहींचे काय?

देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज ‘आयसीएमआर’च्या २०२३ मधील अभ्यासात मांडला गेला. मधुमेहात पडद्याच्या वाहिन्या बिघडतात, तसे स्वायत्त तंतूही झिजतात आणि दोन्ही बिघाड अनेकदा एकाच रुग्णात दिसतात. तंतू झिजल्याची एक खूण डोळ्यातच असते. बाहुली लहान राहते, थेंब टाकूनही नीट मोठी होत नाही. उभे राहताच चक्कर येणे, रात्री झोपेतही रक्तदाब न उतरणे ही इतर लक्षणे. अशा रुग्णाने पडद्याची वार्षिक तपासणी चुकवू नये. थेंब टाकल्यावर दोन-तीन तास अंधूक दिसते, ही सबब मोठी नाही.

एकेक डोळा झाकून न्हाणीघरातल्या फरशीच्या रेषा पाहा. त्या वाकड्या दिसल्या, मधोमध डाग असला तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. अचानक ठिणग्या दिसल्या किंवा काळा पडदा सरकत आला तर तो वेगळा आणि तातडीचा आजार, त्याच दिवशी जावे. आणि जाताना घरातले पंप, फवारे, मलमाच्या ट्यूब, पुड्या असे जे काही गेल्या सहा महिन्यांत वापरले असेल ते एका पिशवीत घालून न्यावे.