खलनायक सापडला की आजार बरा?

'डिप्रेशन' हा शब्द माझ्या वर्गातल्या मुलींनी पाठ्यपुस्तकातून नव्हे, कोरियन मालिकांतून उचलला. शब्द आला हे चांगलेच झाले. पण त्याच्याबरोबर आणखी काय आले, तेही बघायला हवे.

'इट्स ओके टू नॉट बी ओके' (2020) घ्या. गांग-ते मनोरुग्णालयात रुग्णांची सेवा करतो. त्याचा थोरला भाऊ सांग-ते स्वमग्न आहे. तो फुलपाखरांना घाबरतो, म्हणून दोघे सारखे घर बदलत राहतात. स्वमग्न माणसाचे इतके हळुवार चित्र हिंदी सिनेमात मी क्वचितच पाहिले. पण सोळा भागांच्या शेवटाकडे काय निघते? भावांच्या आईचा खून झालेला, खुनी म्हणजे नायिकेची आई, आणि ती त्याच रुग्णालयात मुख्य परिचारिका बनून वावरत होती! मनोरुग्णालयाची भीती घालवायला निघालेल्या मालिकेने खुनी नेमकी परिचारिकेच्या गणवेशात बसवली. 'किल मी, हील मी' (2015) मध्ये सात व्यक्तिमत्त्वे. त्यांचेही मूळ लहानपणी घरात दडपलेल्या छळात.

छळाने मन मोडते, हे मला मान्य आहे. पण दर वेळी गुन्हेगार लागतोच असे नाही. आपल्या मोहल्ल्यांत तरी वेगळे काय चालते? कुणी करणी केली, कुणाचा असर झाला, याचा शोध घेण्यात वर्षे जातात आणि डॉक्टर राहून जातो. मालिकेत जिनच्या जागी आई येते, एवढाच फरक. शिवाय उपाय काय, तर प्रेम! प्रेमाने धीर येतो, गोळ्यांचे काम ते करत नाही.

म्हणून मला 'डेली डोस ऑफ सनशाइन' (2023) मोलाची वाटते. मानसोपचार विभागातील परिचारिका दा-उन. तिचा एक रुग्ण सरकारी नोकरीची परीक्षा वर्षानुवर्षे देत भ्रमात हरवलेला (एमपीएससीवाल्यांच्या घरांत हे वेगळे सांगायला नको). तो आत्महत्या करतो आणि दा-उन स्वतः नैराश्यात जाते. इथे कुणीही खलनायक नाही. आई तिला रुग्णालयात भरती करते, तिथे उपचार होतात, ती सावरते.

खरी लढाई त्यानंतर आहे. ती कामावर परतते आणि रुग्णांचे नातेवाईक उसळतात: जी स्वतः मनोरुग्ण होती, तिच्या हाती आमची माणसे कशी सोपवायची? याच देशाने 2011 मध्ये स्किझोफ्रेनियाचे 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचे जुने नाव टाकले आणि वाद्याच्या तारा जुळवण्यावरून नवे नाव घेतले. भाषाशिक्षकाला हेवा वाटावा असे काम. तरीही मालिकेतल्या त्या नातेवाइकांना नव्या नावाने काही फरक पडलेला नाही, आणि त्यांच्याही घरचे कुणीतरी त्याच वॉर्डात झोपलेले आहे. दा-उनच्या बाजूने उभी राहते ती तिथली मुख्य परिचारिका, जिची सख्खी बहीण स्किझोफ्रेनियाची रुग्ण आहे.