उरलेल्या कापडाचे पाकीट

चामडे वर्ज्य म्हणून आपल्या घरांत बहुधा रेक्झिनचे पाकीट येते. काही काळाने ते घडीवर तडकते, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग त्याला दुरुस्ती नाही. सुती पाकीट धुता येते, उसवले तर पुन्हा शिवता येते. दुकानात नमुन्याचे तुकडे आणि घरी शर्टाचे उरलेले कापड असतेच.

माप नोटेवरून घ्यावे. सध्याची पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब व ६६ रुंद. ती न दुमडता मावली की तिच्याहून लहान नोटाही मावतात. काउंटरमागे हयात घालवलेल्या माणसाला नोटेची चौघडी पाहवत नाही. नोट झिजते ती प्रथम घडीवर.

सुती कापड आटते, म्हणून आधी भिजवून वाळवावे. वरच्या कापडाचा एक व अस्तराचा एक, असे २४ बाय १९ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापावेत. सुलट बाजू आत ठेवून, एक सेंटीमीटर कड राखून चौफेर शिवावे. मात्र एका आखूड बाजूस चार बोटे जागा उघडी ठेवावी. कोपरे छाटून त्या वाटेने पाकीट उलटावे, इस्त्री करावी आणि दोन्ही आखूड कडांवर टीप मारावी. उघडी जागा त्यातच बंद होते. नंतर एक टोक आठ सेंटीमीटर दुमडून दोन्ही बाजू काठालगत शिवाव्यात. वर उरलेले सहा सेंटीमीटर ही झडप. तिला टिचबटण लावावे; वेल्क्रो कापडाचे धागे ओढते.

नाण्यांचा खण यात करू नये. त्यांच्या वजनाने कापड झोळते. त्यांना निराळी चंचीच हवी.