सहलीचे संमतीपत्र कोणाच्या रक्षणासाठी?

बेळगावजवळच्या येळ्ळूरचे नाव गोमंतकीय वाचकाला आठवते ते बहुधा २०१४ च्या जुलै महिन्यामुळे. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक हटविला गेला, पाठोपाठ लाठीमार झाला आणि हे गाव सीमाप्रश्नाचे प्रतीक ठरले. त्याच गावातला एक साधा प्रश्न मात्र फलकावर कधीच लिहिला गेला नाही. येथील मूल शाळेच्या सहलीला किंवा शिबिराला राज्याबाहेर गेले आणि तेथे आजारी पडले, तर त्याच्या उपचारांची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न गोव्यालाही लागू आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा. बेळगाव परिसरातील शाळांच्या बसगाड्या डिसेंबर-जानेवारीत आपल्याच किनाऱ्यांवर येतात. दुसऱ्या बाजूला मालवण. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या गटातील आठ जण बुडून मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातील निवासी शाळेच्या चार विद्यार्थिनी मुर्डेश्वरच्या समुद्रात गेल्या. अशा घटनेनंतर निलंबन होते, भरपाई जाहीर होते आणि 'समुद्रात उतरू नये' असे परिपत्रक निघते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१५ मध्ये विद्यार्थी सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. पण बुडणे हा धोक्याचा एकच प्रकार. दम्याचा झटका, अपस्मार, मधमाशीच्या दंशाची तीव्र प्रतिक्रिया, मधुमेही मुलाची चुकलेली इन्सुलिनची मात्रा यांबाबत आपली परिपत्रके फारसे बोलत नाहीत.

सहलीपूर्वी शाळा पालकांकडून संमतीपत्र घेते. त्यातील नेहमीचे वाक्य असे असते की, काही अनुचित घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. म्हणजे हा कागद संस्थेच्या बचावासाठी असतो, मुलाच्या नव्हे. मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रोज कोणती गोळी लागते, पालकांशी संपर्क झाला नाही तर शस्त्रक्रियेला मान्यता आहे का, यांपैकी काहीही त्यात बहुधा विचारलेले नसते. कायदा डॉक्टरांच्या बाजूने उभा आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की, तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संमती मिळणे अशक्य असताना सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. तरी रात्री दोन वाजता परक्या गावातील शिक्षकाला या कलमापेक्षा पालकांच्या सहीचा कागद अधिक उपयोगी पडतो.

ही माहिती मिळवायला नवी यंत्रणाही नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. तपासणीची नोंद सरकारी दप्तरात राहते. मूल सहलीला जाते तेव्हा ती त्याच्यासोबत जात नाही. त्या नोंदीची एका पानाची प्रत शिक्षकाच्या पिशवीत असणे एवढीच अपेक्षा आहे.

खर्चाचा भाग अधिक अवघड. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, तेव्हा कर्नाटकने त्याला तीव्र विरोध केला. मुलाच्या उपचारांचाही सीमावाद झाला, तो असा. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रहिवाशांपुरती आहे आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. आपल्या करदात्याच्या पैशाचा विचार करता ते धोरण अन्याय्य म्हणता येणार नाही. पण सहलीच्या बसमधून आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्या हिशेबात बसवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आयुष्मान भारत तत्त्वतः देशभर चालते, परंतु पात्र कुटुंबांसाठीच, आणि ते कार्ड सहसा घरच्या कपाटात असते. शाळा काढते तो विमाही बहुधा अपघाताचा असतो, आजाराचा नाही. दम्याच्या झटक्याला तो काहीच देत नाही.

आता भाषेचे. येळ्ळूरसारख्या मराठीबहुल गावात कन्नडमधील छापील नमुन्यावर पालकाची सही घेतली, तर ती सही असेल, संमती नसेल. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा संकेत जुना आहे आणि सीमाभागातील मराठी माणूस त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करीत आला आहे. वैद्यकीय संमतीपत्रापासून त्याची सुरुवात करायला कोणत्याही पक्षाची अडचण असू नये. दुसरी बाजूही तितकीच खरी: बांबोळीच्या डॉक्टरला तो कागद वाचता आला पाहिजे, म्हणून रक्तगट, आजार व औषधांची नावे इंग्रजीतही हवीत.

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक तिन्ही राज्यांत एकच आहे. रुग्णालयाच्या दारापर्यंत सीमा आड येत नाही. ती नोंदणीच्या खिडकीपाशी सुरू होते. गोव्याच्या शिक्षण व आरोग्य खात्यांनी पुढाकार घेऊन, शाळेच्या ओळखपत्रासह सहलीवर आलेल्या परराज्यातील विद्यार्थ्यांवर पहिल्या चोवीस तासांत शुल्काची विचारणा न करता तातडीचे उपचार होतील असा आदेश काढावा, आणि तीच सवलत राजहंसगड पाहायला येळ्ळूरला जाणाऱ्या गोव्यातील मुलांसाठी बेळगावच्या सरकारी रुग्णालयात मागावी. यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीनंतर सहलींचे बेत आखले जातात. आदेश त्यापूर्वी निघायला हवा.