आकाशातील नोंद, जमिनीवरील पडताळणी

६ जुलै १९६२ ची मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली होती. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईस येणारे आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान सांताक्रूझवर उतरण्यासाठी खाली येऊ लागले. मुंबई अगदी नजीक आली आहे, अशी वैमानिकाची समजूत होती. प्रत्यक्षात ती सुमारे ८० किलोमीटर दूर होती आणि वाटेत सह्याद्री उभा होता. जुन्नर परिसरातील डोंगरावर विमान आदळले. त्यातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. आपले स्थान चुकीचे समजल्यामुळे वैमानिकाने वेळेआधीच उतरण्यास प्रारंभ केला, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. दिशादर्शनाची जी साधने उपलब्ध होती, त्यांचा उपयोग करून त्याने खात्री करून घेतली नाही, हेही त्यात नमूद झाले.

‘मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर आहे’ हे वैमानिकाचे निवेदन वरवर पाहता साधी नोंद आहे. परंतु त्या नोंदीवर विसंबूनच जमिनीवरील नियंत्रक विमानाला उतरण्याची वा उंची बदलण्याची अनुमती देतो, आणि मागून येणाऱ्या विमानाचे अंतरही ठरवितो. नोंद चुकली की तिच्यावर उभारलेला प्रत्येक निर्णय चुकतो. नोंद करणारा चुकेल, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारावी लागते. खरा प्रश्न तिच्यात चूक पकडणारा दुसरा कोणी आहे की नाही, हा आहे.

दुसरा असूनही भागत नाही, याचे दुःखद उदाहरण आपल्याच देशाच्या वाट्याला आले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण मृत्युमुखी पडले. या अपघातामागे घातपात असल्याची चर्चा अजूनही रंगते. फ्रेंच चौकशीने नोंदविलेले कारण मात्र त्याहून साधे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे. विमानातील स्थानदर्शक रेडिओयंत्रांपैकी एक आधीपासूनच नादुरुस्त होते. पर्वताच्या संदर्भातील आपले स्थान वैमानिकाने चुकीचे मोजले व तसेच कळविले. जिनिव्हाच्या रडार-नियंत्रकाला ती चूक दिसली आणि त्याने दुरुस्तीही कळविली. परंतु त्याची शब्दयोजना पुरेशी नेमकी नव्हती. पर्वत ओलांडला, असा तिचा अर्थ घेऊन वैमानिक खाली उतरत राहिला. चूक पकडली गेली, पण ती चूक आहे हे ज्याला समजायला हवे होते त्याला समजले नाही.

महासागरावर तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर गेले की जमिनीवरील रडारची नजर संपते. मुंबईहून नियंत्रित होणाऱ्या अरबी समुद्रावरील हवाई क्षेत्रातही कित्येक वर्षे रेडिओवरून तोंडी कळविलेल्या स्थानावरच भिस्त होती. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. यंत्रात एक आकडा चुकीचा भरला, तर विमान तेवढे भलतीकडे जाऊ शकते. १९८३ मध्ये अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअरलाइन्सचे विमान शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले व पाडले गेले. २६९ जणांचा अंत झाला. भरकटत असतानाही ठरलेल्या मार्गावर असल्याचेच निवेदन ते करीत होते. त्या विमानात स्थान दाखविणारी एक नव्हे, तीन यंत्रे होती. त्यांचा उपयोग करून पडताळा घेण्याची शिस्त मात्र त्या रात्री पाळली गेली नाही.

आता उपग्रह आले असल्याने हा सारा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. विमानाचे स्थान आज बऱ्याच मार्गांवर आपोआप कळविले जाते, ही मोठी प्रगती आहे, यात शंका नाही. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात काही विमानांना खोटे उपग्रह-संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले. मुंबईसह अन्य शहरांतूनही अशा व्यत्ययाच्या तक्रारी आल्याचे त्याच उत्तरात होते. त्यातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: उपग्रहांच्या आधारे उतरणाऱ्या विमानांना त्रास झाला, ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरील जुनी दिशादर्शक यंत्रे चालू होती, तेथील वाहतुकीस झाला नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथेच खरी मेख आहे. पडताळणीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात दिसतो. तिने टाळलेला अपघात कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच पडते. उपग्रह असताना जमिनीवरील रेडिओकेंद्र कशाला, यंत्र असताना दुसरा नियंत्रक कशाला, हे प्रश्न हिशेबी वाटतात, पण हिशेब अर्धाच मांडलेला असतो. बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे फेरपरीक्षण होते. तेथे त्या दुसऱ्या माणसाचा पगार आपण उधळपट्टी मानीत नाही. चिकलठाण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी वैमानिकाची नोंद तपासू शकत नाही. ती कोणीतरी तपासावी, म्हणून तर तो तिकिटाबरोबर शुल्क भरतो.

म्हणूनच जमिनीवरील दिशादर्शक यंत्रांचे किमान जाळे सुस्थितीत राखणे, नियंत्रकांची पदे भरलेली ठेवणे आणि स्थाननिवेदनाची भाषा नि:संदिग्ध राखणे, या तिन्ही गोष्टींवरील खर्च अनिवार्य मानला पाहिजे. जुन्नरच्या डोंगरावर आणि आल्प्सच्या बर्फात मिळून २११ माणसे गेली. त्यांच्या मृत्यूने शिकविलेला धडा आपण काटकसरीच्या नावाखाली पुसून टाकला, तर त्याची किंमत पुन्हा प्रवाशांनाच मोजावी लागेल.