पिंपावरील चिठ्ठी

किरणोत्सर्गी कचरा म्हटला की सर्वांची दृष्टी किरणांकडे वळते. त्यात मिसळलेल्या रसायनांची विचारपूस कोण करतो? अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात, सुमारे ६५५ मीटर खोल ठेवलेले एक पिंप १४ फेब्रुवारी २०१४ रोजी फुटले, ते रसायनांच्या उष्णतेने. लॉस अलामॉस येथे ते भरताना नायट्रेट क्षारांत खनिज मातीऐवजी गव्हापासून केलेला शोषक पदार्थ (तोही मांजरांच्या विष्ठेसाठी बाजारात मिळणारा!) मिसळला गेला. सोरा आणि कोळसा एकत्र आल्यास काय होते, हे शोभेची दारू करणारा कोणीही कारागीर सांगू शकला असता. कागदोपत्री मात्र ते पिंप ज्वालाग्राही नव्हते! तेथे कचरा पुरण्याचे काम जवळजवळ तीन वर्षे बंद पडले. वर्गवारी हे कारकुनी काम नव्हे. रसायनज्ञाच्या सहीवाचून असे एकही पिंप जागचे हलता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.