आलेले शब्द गेले तर वाट पाहू नका

मुलाने उशिरा बोलणं वेगळं आणि बोलत असलेलं मूल गप्प होणं वेगळं. आपल्या घरांत दोन्हींवर एकच उत्तर मिळतं : "बोलेल गं, याचा बापही उशिराच बोलला." बोलत असताना गप्प झालेल्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर कृपा करून ऐकू नका.

दीड वर्षाची मुलगी 'बाबा', 'काऊ', 'दे' म्हणत असते, कुणी निघालं की टाटा करत असते. मग काही आठवड्यांत एकेक गोष्ट बंद होते. हाक मारली तर वळून बघत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी साधारण तीनात एकाचं असं होतं, बहुधा सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान. यात आईच्या नोकरीचा दोष नाही, घरात दोन भाषा बोलण्याचाही नाही. आधीच घाबरलेल्या आईला नातेवाइकांनी आणखी बोल लावू नयेत.

घाई करायची ती अशासाठी, की शिकलेलं विसरण्यामागे दुसरी कारणंही असू शकतात आणि काहींवर लगेच उपाय आहे. आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ मंदावतं, बसायचं, हसायचं सोडतं. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरंच सुधारतं. तीन ते सात वर्षांच्या मुलाला अचानक बोलणं समजेनासं झालं, तर झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) काढावा लागतो, कारण दिवसा दिसत नसलेला फिटचा विकार झोपेत सापडतो. मुलगी हातांचा वापर सोडून सतत हात चोळत, पिळत राहिली तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. कानाची तपासणी तर प्रत्येकाची व्हावी, कुकरच्या शिट्टीवर विसंबू नका.

आता लसीबद्दल. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात आणि शब्द जाण्याचं वयही नेमकं तेच. म्हणून संशय येतो, तो समजण्यासारखा आहे. पण १९९८ साली ज्या लेखाने ही भीती पसरवली, तो 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. उलट गोवर होऊन गेलेल्या काही मुलांच्या मेंदूला काही वर्षांनी जो जीवघेणा आजार होतो, त्यातही आधी अभ्यास आणि मग शिकलेलं सगळं जातं. लस त्यापासून वाचवते.

मोठ्या स्वमग्न मुलांकडे तर आपलं लक्षच जात नाही. स्वतः आंघोळ करणारा पंधरा वर्षांचा मुलगा न्हाणीघराच्या दारात तासभर उभा राहतो, घास तोंडाजवळ नेऊन हात तसाच थांबतो. घरचे हट्ट म्हणतात, शाळा आळस म्हणते. हा कॅटाटोनिया असू शकतो. त्यावर औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर न्या. दाढ दुखत असेल, पोट साफ होत नसेल, पाळीचा त्रास असेल, फिट येऊ लागल्या असतील, शाळेत कुणी छळत असेल, तरी ज्याला सांगता येत नाही तो असाच मिटत जातो. "वयात आलाय" म्हणून सोडून देण्याआधी हे सगळं तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमधले जुने व्हिडिओ न्या. पहिल्या वाढदिवसाचा आणि कालचा, दोन्ही दाखवा. कोणता शब्द कधी थांबला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. बालरोगतज्ज्ञ परवडत नसतील तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलून दागिने मोडू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार नको असं सांगितलं आहे.

"सहा महिने थांबून बघू," असं कुणी म्हटलं तर स्पष्ट सांगा : "हे बोलत होतं, आता बोलत नाही." तरीही थांबायलाच सांगितलं, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.