कोपरीच्या पोरांनो, यंदा आधी कोपरा भरा

मंडळी, हंड्या फुटल्या, गणपती गेले. आता पाऊस उघडला की कबड्डीचा मोसम. मंडळामंडळांत संघाची जुळवाजुळव सुरू झाली आहे आणि कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येतोय, "यंदा चढाईला कोण?" कोपऱ्यात कोण उभं राहणार, हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपले संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे अडकतात ते चढाईमुळे नाही, कोपऱ्यांमुळे.

जे खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सात जणांच्या बचावात दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक. चढाईपटू बोनस घ्यायला पाय टाकतो तेव्हा त्याचा घोटा धरायचा तो कोपऱ्याने. मग शेजारचा कव्हर येऊन त्याला दाबतो किंवा धक्का देऊन बाहेर काढतो. सुरुवात मात्र कोपऱ्याचीच. अर्धा क्षण आधी झेपावला तर समोरच्याला फुकट गुण, अर्धा क्षण उशीर झाला तर गडी मध्यरेषेला पोचलेला. बरं, कोपरा बाद होऊन बसला की त्या बाजूला खिंडार पडतं. मग बदली म्हणून उभा राहिलेला पोरगा पुढच्याच चढाईत जातो आणि बघता बघता लोण चढतो. ही गोष्ट आपण मैदानाच्या कडेला उभं राहून कितीदा बघितली आहे, आठवा.

मोठ्या कबड्डीला या जागेची किंमत कळलेली आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने 2.35 कोटींना घेतलं आणि पलटण विजेती ठरली. पुढच्या मोसमात हरियाणा स्टीलर्सने 2.07 कोटी मोजले, तर हरियाणा विजेती. 2025 मध्ये गुजरातने त्याच्यासाठी 2.23 कोटी लावले. विजेतेपद एकट्याने येत नाही, मान्य. पण चढाईपटूंच्या या खेळात डाव्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या गड्यावर संघमालक पुन्हा पुन्हा एवढा पैसा लावतात, ते उगाच नाही.

आता जरा टोचणारी गोष्ट. 1 मार्च 2024 ला पलटणने हरियाणाला 28-25 ने हरवून करंडक जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, "आपली पलटण." बरोबरच होतं. कर्णधार अस्लम इनामदार आपला, पंकज मोहिते आपला, कव्हरला संकेत सावंत आपला. आणि कोपरे? डावा इराणचा शादलू, उजवा हरियाणाचा गौरव खत्री. महाराष्ट्र चढाईपटू पिकवतो आणि कोपरे बाहेरून आणतो. यू मुंबालाही फझल अत्राचली आणावा लागला, तोही इराणचाच.

यावर कुणी म्हणेल, "आपल्या पोरांची तेवढी ताकद नाही, हरियाणाचं दूध-तूप वेगळं." हे मला पटत नाही. पुरुषांत वजनाची मर्यादा सगळ्यांना सारखीच, 85 किलो. आणि लांब कशाला जायचं? गिरीश इरनाक कुठला? आपल्याच जिल्ह्यातला, कल्याणचा. डावा कोपरा. जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 ने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात गिरीश होता. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून खेळला. म्हणजे ठाणे-कल्याणच्या मातीत कोपरा तयार होतो. मग नंतरचे कुठे आहेत?

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. त्याच जकार्तात महिलांच्या अंतिम फेरीत इराणने भारताला 27-24 ने हरवलं. इराणच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे आपल्याकडची बाई परदेशात जाऊन पकड शिकवू शकते, सुवर्णपदक मिळवून देऊ शकते. मग विद्या आपल्याकडे आहेच, फक्त घरच्या पोरांना ती देण्याची शिस्त नाही.

कारण आपण कोपरा ठरवतो कसा? सरावाला आलेल्यांत जो चपळ तो चढाईला, जो आडदांड तो कव्हरला, आणि जो उरला तो कोपऱ्यात! सरावही तसाच. दीड तासातला सव्वा तास चढाया. बचाववाले नुसते उभे, चढाईपटूला सराव मिळावा म्हणून. घोट्याची पकड एकट्याने शिकता येत नाही. कोपरा आणि कव्हर यांची जोडी महिनोन्‌महिने एकत्र उभी राहिली, तरच एकाने हात घातल्याबरोबर दुसरा हलतो. आपल्याकडे जोडी जमते सामन्याच्या आदल्या रात्री, व्हॉट्सअॅपवर.

त्यात जागेची बोंब. ठाणे पूर्वेला एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला हायवे, मागे खाडी. मोकळी जागा वाढणार नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. जी आहे तिथे पार्किंग, लग्नाचे मांडव आणि वर्षातून एक-दोन रात्री दिव्यांच्या झगमगाटात कबड्डी. चषक कुणाच्याही नावाचा असो, रोख बक्षीस मोठं, फलक त्याहून मोठे. त्या रात्रीसाठी मॅट येते आणि सकाळी टेम्पोत भरून जाते. पोरं वर्षभर मातीत नाहीतर सिमेंटवर सराव करणार आणि थेट सामन्यात मॅटवर बूट घालून घोट्याला झेपावणार. गुडघा जाईल नाहीतर काय होईल?

म्हणून आपल्या सगळ्या लोकप्रतिनिधींकडे, पक्ष कुठलाही असो, साधं मागणं आहे. एका रात्रीच्या स्पर्धेचा खर्च थोडा कमी करा आणि कोपरीत एका ठिकाणी कायमची मॅट, वर छप्पर आणि संध्याकाळी दिवे द्या. मंडळांना वार वाटून द्या, मुलींच्या संघांनाही. आणि आयोजकांनो, चढाईवाल्याला सायकल आणि पकडवाल्याला नुसती ट्रॉफी, हे बंद करा. दोन्ही बक्षिसं सारखी ठेवा. पोरं बक्षीस बघूनच जागा निवडतात, यात त्यांची चूक नाही.

मंडळांच्या प्रशिक्षकांनी मात्र पालिकेची वाट बघू नये. यंदा संघ लिहायला बसाल तेव्हा कागदावर पहिली दोन नावं कोपऱ्यांची लिहा. उरलेला नाही, सगळ्यांत शांत डोक्याचा पोरगा तिथे ठेवा. दोन सामन्यांत चुकला म्हणून त्याला काढू नका, पूर्ण मोसम द्या. सरावाचा अर्धा वेळ पकडीला द्या.

आणि पालकांनो, मुलगा म्हणाला "मला कोपऱ्यात ठेवलंय" तर तोंड वाकडं करू नका. जिल्ह्याच्या निवड चाचणीला चढाईपटूंची रांग लागते, चांगला कोपरा शोधावा लागतो. क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या पोराला हा हिशोब समजावून सांगा.

तुमच्या मंडळाचा यंदाचा डावा आणि उजवा कोपरा कोण, ते खाली लिहा. नावं सुचत नसतील तर दिवाळीपर्यंत वेळ आहे, आज संध्याकाळपासून कामाला लागा.